हिरवा तलाव आणि आत्याची म्हैस

दोन वर्षांपूर्वी आश्विन महिन्यात, चांदूर बाजारच्या अलीकडच्या एका गावातला तलाव हिरवा झाला. त्याच दिवशी दुपारी तलावाच्या काठावर माझ्या आत्याच्या शेजाऱ्याची बकरी मेली. या दोन गोष्टींबद्दल गावात दुमत नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

तलाव एका रात्रीत हिरवा झाला, असे गाव म्हणते. आत्या म्हणते की पोळ्यापासूनच पाण्याला रंग चढत होता आणि लोकांना दिसले फार उशिरा. हिरवा म्हणजे गवतासारखा नव्हे. दाराला लावायच्या ऑइल पेंटचा डबा कोणी उपडा करावा तसा. काठाला त्या रंगाची जाड साय धरली होती आणि वास बस स्टँडपर्यंत येत होता. गावाचे पिण्याचे पाणी बोअरचे आहे. तलाव जनावरांचा, कपडे धुण्याचा आणि विसर्जनाचा.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर काम करत होतो. ही बातमी मला वार्ताहराकडून नव्हे, आत्याच्या फोनने कळली.

"तलाव नासला," ती म्हणाली. "बाजूच्याची बकरी पानी पेली अन् मेली. आता माही म्हैस मरन. तू पेपरात हायेस ना? मंग काहीतरी कर."

आत्या एकटी राहते. तिच्याकडे तेव्हा एकच म्हैस होती, ती गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आत्याचे घर या म्हशीच्या दुधावर चालते. म्हैस गेली असती तर दुसरी येण्याची शक्यता नव्हती, हे आत्याला ठाऊक होते आणि मलाही.

म्हशीची रोजची रीत अशी होती की ऊन तापले की ती स्वतःच तलावावर जायची, गळ्यापर्यंत पाण्यात बसायची, प्यायची आणि ऊन उतरले की परत यायची. बकरी मेल्याच्या संध्याकाळी आत्याने तिला खुंट्याला बांधले. म्हशीला हे मान्य नव्हते. आत्या हातपंपावरून बादल्या आणायची. म्हैस एक बादली प्यायची आणि दुसरी लाथेने उलटवायची.

ग्रामपंचायतीच्या बोअरजवळ जनावरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद होता. त्यात पाणी नव्हते. सरपंचांच्या चुलतभावाने त्यात सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरून ठेवले होते. आत्या सरपंचांकडे गेली आणि हौद रिकामा करून पाणी भरा म्हणाली. सरपंच संत्र्याचे बागायतदार होते आणि माणूस वाईट नव्हता.

"काकू, तुमी रिपोर्ट आना, मी हौद भरतो," ते म्हणाले. "बिना रिपोर्टचं मी तलाव बंद केला तं उद्या लोक मले बंद करतीन."

"बकरी मेली थे रिपोर्ट नाही का?"

"बकरी कायनंही मरू शकते."

याबाबत गावात तेव्हा अनेक मते प्रचलित होती. साप चावला, कॅरीबॅग गिळली, कोणीतरी दुश्मनी काढली. बकरीचे शवविच्छेदन झाले नाही. बकरी पुरली की नाही, याविषयी शेजाऱ्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी विधाने केली आहेत.

अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका माझ्या ओळखीच्या होत्या. शेवाळ हा त्यांचा विषय. मी त्यांना तलावाचा फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. हे साधे शेवाळ नसावे, निळे-हिरवे शेवाळ असावे, असे त्या म्हणाल्या. शेतातले खत आणि गावातले शेण वाहून तलावात आले, पाणी साचून राहिले आणि ऊन पडले की ते असे उसळते. त्यातले काही प्रकार विषारी असतात आणि जनावराचे यकृत निकामी करतात. पण फोटोवरून प्रकार सांगता येत नाही. नमुना लागेल.

नमुना कसा घ्यायचा, हे त्यांनी सांगितले. वरच्या सायीसकट पाणी घ्यायचे. हाताला लागू द्यायचे नाही. बाटलीला उजेड लागू द्यायचा नाही. बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोहोचवायची. मी हे सगळे आत्याला फोनवर सांगितले आणि तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. तिने न चुकता म्हटले.

आत्याने दोन्ही हातांना कॅरीबॅग बांधल्या. बाटलीला जुन्या छत्रीचे काळे कापड गुंडाळले. कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला, डब्यात भरला आणि अकोल्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला. आमच्याकडे औषधे, जावयाचे विसरलेले चष्मे आणि लोणची याच मार्गाने जातात.

"का हाये यात?" कंडक्टरने विचारले.

"पानी."

"अकोल्याले पानी पाठवून राहिली का तुमी? बाप्पा! लय पुन्य लागन तुमाले."

हा संवाद आत्याने सांगितला. कंडक्टरने नंतर त्याला दुजोरा दिला.

प्राध्यापिका त्या आठवड्यात परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला होत्या. नमुना त्यांच्या सहायकाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मला व सरपंचांना मेसेज केला: विशेष काही आढळले नाही.

सरपंचांनी तो मेसेज पंचायतीच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर आत्याला दूध घेऊन फिरताना बरेच ऐकावे लागले. दूध तिचे नव्हते, म्हैस आटली होती. दुसऱ्याचे दूध ती वाटत होती. तरी ऐकावे तिलाच लागले.

"काकू, अकोल्याची मॅडम म्हनते का पानी एकदम फर्स्ट क्लास हाये. आता त्याचाच चहा करजा."

"काकूनं म्हशीले व्हीआयपी करून ठेवलं. बादलीनं पानी पेते थे."

आत्याच्या बाजूने फक्त शेजारी बोलला. "पानी चांगलं हाये तं माही बकरी का हसून हसून मेली?" तो म्हणाला. पण त्याच्या बोलण्याला वजन नव्हते, कारण बकरीबद्दल त्याचे आधीच फार बोलून झाले होते.

प्राध्यापिका अकोल्याला परतल्या आणि त्यांनी बाटली स्वतः पाहिली. मग मला फोन केला.

"तुम्ही पाठवलेला फोटो आणि ही बाटली एकाच तलावाची आहे?"

"हो."

"फोटोत पाणी मेहंदीसारखं आहे. बाटलीत नारळपाण्यासारखं आहे. मध्ये काय झालं?"

मी आत्याला फोन लावला आणि प्राध्यापिकांनाही त्याच कॉलवर घेतले. बाटली भरताना काय काय केले, ते क्रमाने सांग, असे मी आत्याला म्हणालो.

"का केलं म्हनजे? बाटली राखेनं घासली. सावलीत सुकवली. हाताले कॅरीबॅग बांधली. वरचं वरचं पानी घेतलं सायीसंगट, तू म्हनला तसं. मंग गाळलं, बूच लावलं अन्—"

"गाळलं?"

"मंग? तसंच देऊ का?"

"आत्या, कशातून गाळलं?"

"लुगड्यातून. चार पदरी करून. नवं लुगडं होतं, घडीचं. जुन्यातून नाही गाळलं मी." तिचा आवाज थोडा चढला. "एवढी कॉलेजातली मॅडम, आपल्यासाठी पानी पाहून देऊन राहिली. तिले मी गाळ पाठवू? तिनं का म्हनलं असतं, या गावातल्या बायाले पानी गाळाची रीत नाही?"

आमच्या भागात पाण्याच्या मडक्यावर गाळण्याचे फडके नसलेले घर आत्याच्या पिढीला माहीत नाही. पाहुण्याला न गाळलेले पाणी देणे म्हणजे त्याला दाराबाहेर बसवणे. बोअर आले, नळ आले, काही घरांत फिल्टर बसले. आत्या फिल्टरमधून आलेले पाणीही गाळते. तिने प्राध्यापिकांची एकही सूचना मोडली नव्हती. तिने फक्त एक वाढवली होती.

"आणि कापडावर जे राहिलं," प्राध्यापिकांनी विचारले, "त्याचं काय केलं?"

"थे मेलं फेकलं उकिरड्यावर."

प्राध्यापिका कामाबद्दल बोलताना पुस्तकी मराठी बोलतात. या वेळी त्या अकोल्याच्या मराठीत बोलल्या.

"अवो बाई, मले थेच पाह्यजे होतं!"

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितले. हे शेवाळ पुंजक्यांनी वाढते, पुंजके चार पदरी सुती कापडात अडकतात आणि विष मुख्यतः त्यांच्या आत असते. म्हणून बाटलीत जवळजवळ काही उरले नाही. गाळलेले पाणी सुरक्षित असते असा याचा अर्थ नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितले. काही विष पाण्यात सुटलेले असू शकते आणि ते कापडाला दिसत नाही. आत्याने सगळे ऐकून घेतले. शेवटी तिने विचारले, "म्हनजे दुसऱ्या खेपेले मॅडमले घानच द्याची?"

"घाणच द्यायची," प्राध्यापिका म्हणाल्या.

माझ्या सुटीच्या दिवशी मी दुसरा नमुना नेण्यासाठी गावी गेलो. चहा झाला. आत्या बाटली घासायला बसली. गोठ्यातून आवाज आला. आम्ही जाऊन पाहिले तेव्हा खुंटा होता, दोराचा तुकडा होता आणि म्हैस नव्हती.

ती कुठे गेली असेल, याचा तर्क करावा लागला नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा म्हैस तलावात काठापासून बरीच आत बसली होती. पाण्याबाहेर तिचे डोके आणि शिंगे होती. डोळे अर्धे मिटलेले होते. रवंथ चालू होते. तिच्याभोवती हिरवी साय तिने बसण्यासाठी केलेली जागा सोडून पुन्हा जुळून आली होती. आत्याने हाक मारली. म्हशीने एक कान हलवला. आत्याने पुन्हा हाक मारली. म्हशीने तोच कान हलवला.

पंचायतीसमोरून सरपंच, त्यांचा चुलतभाऊ आणि ओट्यावरची मंडळी आली. गाभण म्हैस आहे, पटकन काढली पाहिजे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्यानंतर काही काळ कोणी हलले नाही.

"सरपंच," आत्या म्हणाली, "पानी फर्स्ट क्लास हाये ना? मंग जा. आना माही म्हैस."

सरपंचांनी पाण्याकडे पाहिले, मग आपल्या पँटकडे. "मी आताच आंघोळ केली, काकू."

"मंग तुमचा भाऊ जाईन."

"मले सर्दी हाये," चुलतभाऊ म्हणाला.

"अरे, तुले तं पोहता येते," सरपंच एका तिसऱ्याला म्हणाले. तो विसर्जनाच्या वेळी दरवर्षी सगळ्यात पुढे असायचा.

"येत होतं," तो म्हणाला.

"रिपोर्ट चांगला हाये ना, मंग का होते?" शेजारी म्हणाला.

"रिपोर्ट बाटलीचा हाये, तलावाचा नाही," चुलतभाऊ म्हणाला. सरपंचांनी त्याच्याकडे पाहिले. हे वाक्य त्याने मागे घेतले नाही.

आत्या घरी गेली आणि बादलीत सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घेऊन आली. ती काठावर उभी राहून बादली हलवू लागली. म्हशीने दोन्ही कान उभे केले. मग ती उठली, थोडा विचार केला, आणि बाहेर आली. तिला घाई नव्हती. गळ्यापासून खुरापर्यंत ती हिरवी होती.

मी प्राध्यापिकांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"तिला अंग चाटू देऊ नका," त्या म्हणाल्या. "आधी धुवा. भरपूर स्वच्छ पाणी. धुणाऱ्यांनी हातांना काहीतरी बांधा. पाणी पुन्हा तलावात जाऊ देऊ नका."

म्हैस बोअरजवळ आणली. तिला डोके वळवू द्यायचे नव्हते, म्हणून शेजाऱ्याने शिंगे धरली. बोअरची मोटार सुरू केली, पण तोटीखाली एका वेळी एकच बादली राहत होती आणि म्हैस मोठी होती. म्हशीने जीभ बाहेर काढली की सगळे एकदम ओरडायचे.

"असं नाही होत," सरपंच शेवटी म्हणाले. "हौद भरा. हौदातून पाच-सहा जनं एकदम बादल्या मारा."

"हौदात कुटार हाये," चुलतभाऊ म्हणाला.

"मालूम हाये मले कोनाचं हाये थे. काढ."

"पह्यले म्हशीचं तं होऊ द्या—"

"काढ म्हनतो ना!"

कुटार निघाले. हौद भरला. आत्या स्वतः म्हशीच्या पोटाखालून पाणी मारत होती आणि म्हशीला शिव्या देत होती. त्या शिव्या माझ्या वडिलांच्या बाजूच्या घरात पिढ्यांपासून चालत आलेल्या आहेत आणि छापण्यासारख्या नाहीत. अंगावरून पाणी स्वच्छ वाहू लागले तेव्हा प्राध्यापिकांना विचारून थांबलो. म्हशीने हौदात तोंड घातले आणि ती बराच वेळ पीत राहिली.

चांदूर बाजारचे जनावरांचे डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी म्हशीचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोटावर हात ठेवून पारडू हलते का ते पाहिले. हलत होते.

"तिथं पाणी पिली का?" त्यांनी विचारले.

कोणालाच माहीत नव्हते. म्हैस तिथे किती वेळ होती, हेही माहीत नव्हते. डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहणे एवढेच आहे. खाणे सोडले किंवा थरथरू लागली तर लगेच फोन करा.

रात्री म्हशीने वैरणीला तोंड लावले नाही. आत्याने गोठ्यात खाट टाकली. मी ओट्यावर झोपलो. सकाळी तिने मला उठवले तेव्हा तिच्या हातात रिकामे टोपले होते.

"खाल्लं तिनं," ती म्हणाली. "सारं. माह्या चपलेचा पट्टाही खाल्ला."

दुसरा नमुना मी घेतला. आत्या शेजारी उभी होती. मी सायीसकट हिरवे पाणी बाटलीत भरले आणि बूच लावले. आत्याने तोंड फिरवले. अकोल्याची बस यायच्या आधी तिने माझ्या पिशवीत दुसरी एक बाटली घातली. त्यात बोअरचे पाणी होते, गाळलेले.

"थे मॅडमले पहाले," ती म्हणाली, "अन् हे मॅडमले पेयाले. दोन्ही संगटच देजो, म्हनजे त्याईले समजन का आमाले फरक मालूम हाये."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्राध्यापिकांनी पहिली बाटली उघडली आणि खिडकी उघडायला सांगितली. एक थेंब काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि मलाही पाहू दिले. चुना उडालेल्या भिंतीसारखे वेडेवाकडे पुंजके दिसले. प्रकार विषारी होता आणि भरपूर होता. त्यांनी तसे लिहून, सही करून दिले. दुसऱ्या बाटलीतले पाणी त्या प्यायल्या.

या अहवालानंतर सरपंच एकदम कामाला लागले. दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर मोरचुदाची पोती येऊन पडली. संत्र्याच्या झाडाच्या खोडाला बुरशी लागू नये म्हणून चुना आणि मोरचुदाचा लेप देतात, त्यामुळे आमच्याकडे मोरचूद घरोघरी असते. सरपंचांनी गोळा करायला सांगितले आणि लोकांनी उत्साहाने आणले. आत्याने मला फोन केला, मी प्राध्यापिकांना केला, प्राध्यापिकांनी सरपंचांना केला.

"टाकू नका," त्या म्हणाल्या.

"काहून मॅडम? मरते ना त्यानं?"

"मरतं. म्हणूनच टाकू नका. सगळं एकदम मेलं की फुटतं, आणि आतलं विष सगळं पाण्यात येतं. आता वर तरंगतंय, दिसतंय तरी. मग दिसणार पण नाही. मासे पण जातील."

"मंग मारावं कसं?"

"मारायचं नाही. उपाशी ठेवायचं."

हे सरपंचांना पटायला वेळ लागला. त्यांच्या बागेतल्या कोणत्याही रोगाला कोणी उपाशी ठेवून घालवले नव्हते. पण पोती ज्याची त्याच्या घरी परत गेली. काही पोती निघाली त्यापेक्षा हलकी पोहोचली, अशी तक्रार होती. तिची चौकशी झाली नाही.

ग्रामसभा झाली. जनावरे आणि कपडे तलावावर नेऊ नयेत, हौद रोज भरावा, तलावाच्या उतारावरचे उकिरडे हलवावेत आणि बागांचे पाणी सरळ तलावात सोडू नये, असे ठरले. शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक चर्चा झाली, कारण सर्वांत वरची बाग सरपंचांची होती. हौद "प्राप्त अहवालाच्या अनुषंगाने" भरण्यात आला, अशी इतिवृत्तात नोंद आहे. हौद भरला तेव्हा अहवाल आलेला नव्हता.

प्राध्यापिकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. दर काही दिवसांनी काचेच्या बरणीत तलावाचे पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवायचे. सकाळी वर हिरवे कडे जमले तर शेवाळ अजून आहे. लोणच्याची बरणी आत्याने दिली आणि ती पंचायतीच्या खिडकीत ठेवली गेली. लोक येता-जाता थांबून पाहू लागले.

"आज कडं पातळ हाये."

"पातळ नाही, तुहा चश्मा खराब हाये."

पाणी भरण्याचे काम आत्याकडे आले. ती न गाळता भरत होती. याची खात्री सरपंच स्वतः उभे राहून करून घेत.

दिवाळीच्या सुमारास थंडी पडली आणि बरणीतले कडे जमेनासे झाले. प्राध्यापिका एका रविवारी विद्यार्थ्यांना घेऊन आल्या, तलावावर फिरल्या, नमुने घेतले. शेवाळ ओसरले आहे, पण जनावरे अजून सोडू नका, असे त्यांनी सांगितले. आत्याकडे जेवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी म्हैस व्याली. पारडी झाली. आत्याने फोन केला तेव्हा मागे सरपंचांचा आवाज येत होता आणि कोणीतरी बादली आणा म्हणत होते. पारडी उभी राहायला गेली, पडली, पुन्हा उभी राहिली आणि आईला लुचली. संध्याकाळी चांदूर बाजारचे डॉक्टर आले, त्यांनी दोघींना तपासले आणि दोघी ठीक असल्याचे सांगितले.